रघुजींच्या छावणीतल्या बाटल्या

१७४० च्या उन्हाळ्यात मराठ्यांची फौज कर्नाटकात उतरली. शाहू छत्रपतींनी साताऱ्याहून पाठवलेल्या या फौजेचं नेतृत्व नागपूरकर रघुजी भोसले आणि अक्कलकोटकर फत्तेसिंह भोसले यांच्याकडे होतं. मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली लढाईत पडला. त्याचा कुटुंबकबिला आणि त्याचा जावई चंदासाहेब याची बायकामुलं जडजवाहीर घेऊन फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आश्रयाला गेली. रघुजींनी तिथला गव्हर्नर द्युमा याला बजावलं, की खंडणी द्या आणि चंदासाहेबाची माणसं नि मालमत्ता आमच्या हवाली करा. द्युमाने नकार दिला. मराठ्यांचा वकील बोलणी करायला आला तेव्हा त्याला तट, तोफा, धान्याची कोठारं, कवायती शिपाई असं सगळं हिंडवून दाखवलं. निघताना रघुजींसाठी भेट म्हणून त्याच्यासोबत दहा बाटल्या दिल्या. नान्त शहरातून आलेल्या कॉर्डियलच्या.

रघुजींनी त्या आपल्या मर्जीतल्या एका बाईला दिल्या. तिला त्या इतक्या आवडल्या, की आणखी हव्यात म्हणून ती अडून बसली. ज्याला कालपरवा धमकावलं त्याच्याकडेच बाटल्या कोणत्या तोंडाने मागायच्या, हा रघुजींपुढे पेच. मग आडवळणाने चौकशी झाली, ती द्युमाच्या कानावर गेली आणि त्याने लगोलग आणखी तीस बाटल्या धाडल्या. रघुजी निवळले, पाँडिचेरी वाचली.

कर्नल मॅलेसन यांनी १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिस्टरी ऑफ द फ्रेंच इन इंडिया’मध्ये ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली आहे. पुढेही फ्रेंच वसाहतीवर लिहिणाऱ्यांना तिचा मोह सुटलेला दिसत नाही. एका संकलनासाठी ही पानं मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं आणि मी दोन शब्दांपाशी अडले: ‘मिस्ट्रेस’ आणि ‘कॉर्डियल’. बाकीचा मजकूर सरळ होता. इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं गद्य मराठीत बरं उतरतं, दोन्हीकडे फौजांची आणि तारखांची सवय आहे. हे दोन शब्द मात्र हलेनात.

पहिल्या शब्दाला मराठीत पर्याय भरपूर, आणि तीच अडचण. ‘रखेल’ लिहिलं की आजचा तुच्छतेचा सूर लागतो. ‘उपपत्नी’ संस्कृताच्या आड लपतो. पेशवाईच्या काळात सरदारांच्या पदरी असलेल्या अशा बायकांना ‘नाटकशाळा’ म्हणत. तो शब्द काळाला धरून आहे, पण आजच्या वाचकाला वाटेल रघुजींनी बाटल्या एखाद्या थिएटरला दिल्या. पर्यायांशी झटापट करताना वेगळीच गोष्ट लक्षात आली. या कथेतल्या प्रत्येक पुरुषाला नाव आहे, हुद्दा आहे, हेतू आहे. बाईला यातलं काहीच नाही. आणि तरीही बाटलीत काय आहे ते चाखून त्याबद्दल स्पष्ट मत देणारी संपूर्ण प्रकरणात ती एकटीच! वकिलाने बाटल्या वाहून आणल्या, रघुजींनी पुढे सरकवल्या, द्युमाने हिशेब केला. परीक्षा तिने केली. फ्रेंच मद्याबद्दल मराठी गोटातून आलेला माझ्या वाचनातला हा पहिला अभिप्राय आहे, आणि अडीचशेहून अधिक वर्षं त्याचा उपयोग फक्त रघुजींना हसण्यासाठी झाला.

म्हणून मी ठरवलं, की तिचं मत गंभीरपणे घ्यायचं. तिने काय प्यायलं असेल?

कॉर्डियल म्हणजे मद्यार्कात साखर आणि सुगंधी द्रव्यं मुरवून केलेलं पेय: लिंबावर्गीय फळांच्या साली, बडीशेपेच्या जातीचे मसाले, फुलांचे अर्क. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘हृदय’ आहे. हृदयाला उभारी देणारं ते कॉर्डियल, म्हणजे आधी औषध आणि मग चैन. आणि नान्तमध्ये अशा पेयाचा पाया ब्रँडीचा असणार हे जवळजवळ गृहीत धरता येतं, कारण लुआर नदीच्या मुखाजवळचं हे बंदर ब्रँडीसाठी इतकं प्रसिद्ध होतं, की त्या काळच्या इंग्रजीत चांगल्या ब्रँडीला नुसतं ‘नान्ट्झ’ म्हणत. ही ख्याती डच व्यापाऱ्यांमुळे झाली. सतराव्या शतकात ते या किनाऱ्यावरची आंबटसर, पातळ वाइन विकत घेऊन ऊर्ध्वपातन करवून घेत. बोटीत जागा कमी लागे आणि माल नासत नसे. ब्रँडी हा शब्दही त्यांचाच. ‘ब्रांडवाइन’ म्हणजे जाळलेली, आचेवर चढवलेली वाइन. फ्रेंच लोक तिला ओ-द-वी म्हणतात, जीवनाचं पाणी. आपल्याकडे ‘जीवन’ या एकाच शब्दाचे पाणी आणि आयुष्य असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे हा शब्द मराठीत आणायला बसलं की हसू येतं: जीवनाचं जीवन.

साखर कुठली? नान्त हे अठराव्या शतकात फ्रान्सचं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं. इथून निघालेली जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल देऊन माणसं घेत, ती कॅरिबियन बेटांवर विकत आणि साखर भरून परतत. आफ्रिकेत दिल्या जाणाऱ्या मालात हिंदुस्थानी कापडाला मोठी मागणी होती. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाचे लिलाव १७३३ पर्यंत नान्तलाच होत, नंतर ते लोरियांला गेले. म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं कापड पाँडिचेरीहून नान्तला, तिथून आफ्रिकेला, त्याच्या मोबदल्यात माणसं कॅरिबियनला, त्यांच्या कष्टाची साखर नान्तला. तीच बहुधा ब्रँडीत विरघळून सहा-आठ महिन्यांच्या प्रवासाने परत पाँडिचेरीला येत होती. त्या दहा बाटल्या मराठ्यांच्या छावणीत पोचल्या तेव्हा त्यांच्यामागे एवढा प्रदेश होता. मॅलेसन यातलं काही सांगत नाहीत. त्यांच्या गोष्टीला त्याची गरज नव्हती.

पाँडिचेरी माझ्या घरापासून दीडशे किलोमीटरवर आहे. मी गेली बरीच वर्षं चेन्नईत राहते, आणि या शहरात राहून ब्रँडीकडे दुर्लक्ष करणं कठीण. उत्तरेत व्हिस्की, सैन्यात रम, तशी दक्षिणेत ब्रँडी. तिला इथे औषधाचा मान आहे. सर्दी झाली, पावसात भिजलं, बाळंतीण अशक्त झाली, की घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात तिचं नाव काढतात. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट १९३९ चा. त्यातला भाबडा कारकून आजारी माणसासाठी औषध म्हणून बाटली शोधत वणवण करतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी आली होती, आणि महाराष्ट्रात पिण्याच्या परवान्यावर आजही ‘आरोग्य राखण्यासाठी’ हेच कारण असतं. मद्रास इलाख्यात राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यापासून बंदी सुरू केली, ती १९४८ मध्ये इलाखाभर पसरली. भोवती सगळा कोरडा मुलूख आणि मधे १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यातली ओली पाँडिचेरी, असं ते चित्र होतं. पुढे १९७१ साली बंदी उठली, १९७४ ला परत आली, १९८३ मध्ये टास्मॅक हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे गेली.

या दुकानांतून जी ब्रँडी विकली जाते तिची एक मराठी बाजू आहे, ती इथे कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. दक्षिणेत अतिशय खपणारी ‘मॅन्शन हाउस’ आणि तिची धाकटी बहीण शोभेल अशी ‘कुरिए नेपोलियन’ या दोन्ही तिलकनगर इंडस्ट्रीजच्या. तिलकनगर म्हणजे नगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूरजवळचं. १९३३ साली महादेव डहाणूकरांनी तिथे महाराष्ट्र शुगर मिल्स काढली, त्याच कंपनीचा हा पुढचा अवतार. गावाला लोकमान्यांचं नाव आणि बाटलीवर नेपोलियनचं! भारतातल्या सर्वसाधारण ब्रँडीचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ‘ब्लेंडेड’ ब्रँडीत द्राक्षाची ब्रँडी दोन टक्के असली तरी पुरते. बाकीचं काम रंग आणि सुगंध करतात. याला फसवणूक म्हणायचं मला जिवावर येतं, कारण नियम उघड आहे आणि पिणाऱ्याला जे हवं ते मिळतं. पण परीक्षा करायची तर शब्दाचा अर्थ ठाऊक हवा. इथे ब्रँडी हे एका चवीचं नाव आहे, पदार्थाचं नव्हे.

त्या बाईने जे प्यायलं त्याच्या जवळपास जायचं तर दुसरीकडे बघायला हवं होतं. नान्तच्या नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर माशकूल नावाचं गाव आहे. तिथे सें-रेमी ही ब्रँडी तयार होते, तिच्या बाटलीवर १८८६ हे साल असतं आणि आज ती रेमी क्वांत्रो या मोठ्या कंपनीची आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. माझ्या बहिणीने तिच्या वाट्यातली एक बाटली माझ्यासाठी आणली. लेबलवर ‘एक्सओ’ ही अक्षरं आणि किंमत कोन्याकच्या एक्सओच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी.

हे स्वस्त का, ते आधी समजून घेतलं पाहिजे. कोन्याक हे नाव ठरावीक प्रदेशातल्या द्राक्षांनाच मिळतं. वाइन तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित करायची, मग ओकच्या पिंपात ठेवायची. व्हीएस म्हणजे किमान दोन वर्षं, व्हीएसओपी म्हणजे चार, आणि एक्सओ म्हणजे २०१८ पासून दहा. त्याआधी सहा पुरत. ही वर्षं मिश्रणातल्या सर्वांत तरुण भागाची मोजतात. कोन्याकच्या बाहेर, नुसत्या ‘फ्रेंच ब्रँडी’ला, हा दहा वर्षांचा नियम बांधील नाही. युरोपीय कायदा ब्रँडीकडून एवढंच मागतो, की ती ओकच्या मोठ्या पिंपात एक वर्ष किंवा हजार लिटरपेक्षा लहान पिंपात सहा महिने मुरलेली असावी. वरून रंगासाठी कॅरॅमल घालायची मुभा आहे आणि चव गोलाईला आणण्यासाठी लिटरमागे पस्तीस ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो. द्राक्षं फ्रान्समधल्या कुठल्याही भागातली असू शकतात. सें-रेमीतही वेगवेगळ्या प्रांतांतल्या वाइनचा अर्क असतो, म्हणजे ती नान्तची म्हणायची ती फक्त पत्त्यापुरती. एक्सओ ही तीच दोन अक्षरं दोन बाटल्यांवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि अनुवाद करणाऱ्या माणसाला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

चेन्नईत ब्रँडी चाखण्याची स्वतःची एक अडचण आहे. मद्यावरच्या पुस्तकांत खोलीच्या तापमानाला प्यावी असं लिहितात, पण ती खोली फ्रान्समधली. इथे मे महिन्यात रात्री दहालाही पंख्याखाली तीस अंश असतात. इतक्या गरम खोलीत ग्लास नाकाशी नेला की आधी मद्यार्कच अंगावर येतो, मागचं काही कळत नाही. सिनेमात खलनायक हातात फिरवतात तो मोठा फुगीर ग्लास तर इथे मुळीच नको, तो हाताच्या उबेने अजून तापतो. निमुळत्या तोंडाचा लहान ग्लास घ्यावा, तो दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा आणि बोटभरही नाही एवढी ब्रँडी ओतून पाच-सात मिनिटं तिला हात लावू नये. घाई करणाऱ्याला ब्रँडी काही सांगत नाही. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, मत दुसऱ्या घोटावर द्यावं. नंतर चमचाभर पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. पाण्याने लपलेले वास मोकळे होतात आणि लपवलेले दोषही.

रंगावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पिंगट-लाल रंग ओकचा की कॅरॅमलचा, हे डोळ्यांना कळत नाही. नाकाला पहिल्यांदा आला मनुकांचा वास, मग खारीक, वाळलेली संत्र्याची साल, आणि व्हॅनिला जरा जास्तच पुढे. थोडं थांबल्यावर जायफळ आणि जुन्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा काहीसा वास. मला तो सर्वांत आवडला. जिभेवर मात्र आधी गोडी येते, न बोलावता येते आणि सगळ्यांच्या पुढे बसते. मधला भाग पातळ. चांगल्या कोन्याकमध्ये या टप्प्यावर चव उलगडत जाते, इथे ती आहे तिथेच राहते. गिळल्यावर सौम्य ऊब, सुंठीची चुणूक, आणि आठ-दहा सेकंदांत सगळं संपतं. घशाला झोंबत नाही, आणि या किमतीला ही काही लहान गोष्ट नाही. पाणी घातल्यावर व्हॅनिला मागे हटला, पण त्याच्याबरोबर कपाटही बंद झालं.

एक परीक्षा रात्रीची असते. रिकामा ग्लास न विसळता तसाच ठेवायचा आणि सकाळी त्याचा वास घ्यायचा. मद्यार्क उडून गेलेला असतो, जे खरोखर लाकडातून आलं तेवढं उरतं. या ग्लासात सकाळी मध, ओलं लाकूड आणि थोडी तंबाखू होती. दक्षिणेतल्या नेहमीच्या ब्रँडीचा ग्लास मी शेजारी ठेवला होता. त्यात बेकरीचा वास आणि काचेवर किंचित चिकटपणा. म्हणजे माशकूलच्या बाटलीत लाकूड खरं आहे, वय आहे, पण ते किती हे लेबलवरच्या अक्षरांइतकं मोठं नाही. मला ही ब्रँडी रात्रीच्या जेवणानंतर एक लहान ग्लास म्हणून चालेल. कोन्याकची जागा ती घेत नाही, आणि तशी अपेक्षा न ठेवता प्यायली तर पैसे वसूल होतात.

वय या गोष्टीबद्दल आणखी एक. ब्रँडी पिंपात म्हातारी होते, बाटलीत नाही. आजोबांच्या कपाटातली पन्नास वर्षं जुनी बाटली भरताना जेवढ्या वयाची होती तेवढ्याच वयाची राहते, हे मला कित्येक घरांत समजावून सांगावं लागलं आहे आणि कुणालाच ते आवडलेलं नाही. शिवाय वर्षं सगळीकडे सारखी नसतात. कोन्याकच्या गार तळघरात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के द्रव उडतो, फ्रेंच त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूत व्हिस्की मुरवणारे हाच वाटा दहा टक्क्यांच्या वर सांगतात. आपले देवदूत जास्त तहानलेले. उष्णतेत लाकूड लवकर उतरतं, त्यामुळे दक्षिणेतल्या पिंपातली चार वर्षं आणि फ्रान्समधली चार वर्षं यांची तुलना करता येत नाही.

आता पुन्हा त्या बाईकडे. एक गोष्ट मला या चाखण्यातून कळली, ती कुठल्याही ग्रंथातून कळली नसती. स्वस्त फ्रेंच ब्रँडीत जो गोडवा मी दोष म्हणून टिपला, तो कॉर्डियलचा मुख्य गुण. १७४० च्या आसपास मराठी लष्कराच्या मुक्कामात ताडी, मोहाची दारू, अर्क हे प्रकार मिळण्यासारखे होते. त्यांच्यापैकी बहुतेक ताजे, धुरकट आणि उग्र. त्यांच्यासमोर लाकडाची ऊब, शुभ्र साखर आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेलं काही ठेवा. ज्या जिभेला गुलकंद, केशरी दूध, आणि सणावाराला जायफळ-वेलदोड्याची सवय आहे, तिला ते अनोळखी वाटणार नाही. ओळखीच्याच चवी आहेत, फक्त एका अनोळखी द्रवात एकत्र आलेल्या. अशा वेळी ‘आणखी मागवा’ म्हणणं हा हट्ट नाही, निर्णय आहे. आणि दहा ‘निरनिराळ्या’ कॉर्डियलच्या बाटल्या होत्या असं मॅलेसन म्हणतात. म्हणजे तिने एकाची दुसऱ्याशी तुलना केली असणार. मी एका संध्याकाळी दोन ग्लास शेजारी ठेवून जे केलं तेच.

उरला प्रश्न पाँडिचेरी वाचल्याचा. इथे गोष्टीची मागची चव फार आखूड आहे. रघुजींना त्या वर्षी बाटल्यांखेरीज पुष्कळ काही होतं. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले. पेशवेपद बाळाजीला मिळू नये, बारामतीच्या बाबूजी नाईकांना मिळावं म्हणून रघुजी मोहीम अर्धी टाकून साताऱ्याला गेले, आणि जूनमध्ये बाळाजीला वस्त्रं मिळाल्यावर परत फिरले. त्यांचं खरं लक्ष्य होतं त्रिचनापल्ली, चंदासाहेबाचं ठाणं. तंजावरच्या मराठी राज्याला त्याचाच जाच होता, आणि कारिकल बंदर फ्रेंचांच्या हाती पडलं तेही १७३९ साली त्याच भांडणातून. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद झाला, तिथे मुरारराव घोरपडे राहिले आणि रघुजींची नजर पुढे बंगालकडे वळली. समुद्राकडून रसद येणारा तटबंद किल्ला घेणं म्हणजे काय, हे मराठ्यांना वसईने नुकतंच शिकवलं होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली, पण त्यासाठी माणसं किती खर्ची पडली! घोडदळाच्या फौजेने तोफांशिवाय तोच खटाटोप पाँडिचेरीसमोर करायचा, तोही चंदासाहेबाच्या बायकोसाठी? रघुजी परतले कारण परतणं शहाणपणाचं होतं. वकिलाने पाहिलेल्या तोफांचा अहवाल त्यांच्यापाशी होताच.

मग बाटल्यांचं काम काय? माझा अंदाज असा, की त्या बाटल्यांनी दोन्ही बाजूंना तोंड राखून थांबायची सोय करून दिली. मागणी मागे घेतली असं न म्हणता मैत्री झाली असं म्हणता आलं. भेटवस्तूंचं राजकारण असंच चालतं, आणि त्या काळात मराठ्यांना ते फ्रेंचांइतकंच येत होतं. बाईच्या हट्टाचं कलम गोष्टीत कॅरॅमलसारखं आहे. रंग छान येतो, वय वाढल्याचा भास होतो, पण काच सकाळी चिकट लागते. मॅलेसन यांना द्युप्लेबद्दल आणि एकूणच फ्रेंचांच्या हुकलेल्या साम्राज्याबद्दल मनापासून सहानुभूती होती. द्युमाचा शांतपणा उठून दिसायला समोर बाईच्या तालावर नाचणारा सरदार असणं त्यांच्या कथनाला सोयीचं होतं. मराठी इतिहासलेखनाने बहुतेक वेळा ही गोष्ट टाळली, तेही मला पटत नाही. टाळण्यामागे लाज दिसते, आणि लाज वाटावी असं त्यात काय आहे?

द्युमाच्या दरबारातले मुख्य दुभाष तेव्हा कनकराय मुदलियार होते. मराठी वकील आणि फ्रेंच गव्हर्नर यांच्यातलं बोलणं तमिळ, पोर्तुगीज, फारसी अशा किती भाषांतून गाळत गेलं असेल! एग्मोरच्या कॉनेमारा वाचनालयात बसून ही पानं उतरवताना मी पुन्हा पुन्हा त्या क्षणाशी थांबत होते: बाटल्या हातात देताना दुभाषाने त्यांना काय म्हटलं असेल? ‘अर्क’ हा शब्द अरबीतून फारसीत, मराठीत, तमिळमध्ये सगळीकडे पोचलेला. तोच सर्वांना कळला असता. वैद्याच्या बाटलीलाही तो चालतो आणि दारूच्या बाटलीलाही, अगदी कॉर्डियलसारखा. मुंबईत दुभाष हे पारशी आडनाव आहे, त्यामुळे माझ्या संपादकांनी हा शब्द वगळावा असं सुचवलं होतं. मी ‘दुभाष’ ठेवला.

छापायला दिलेल्या पानांवर कॉर्डियलसाठी ‘नान्तचे गोड अर्क’ असं गेलं आहे. ‘मिस्ट्रेस’च्या जागी मी ‘नाटकशाळा’ लिहिलं आणि खाली एका ओळीत अर्थ दिला. आणि तिच्या वाक्यात मॅलेसन यांच्या इंग्रजीतून सहज ‘हट्ट धरला’ असं येत होतं, तिथे ‘तिने पसंत करून आणखी मागवले’ असं केलं आहे. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं, मूळच्या स्वरापासून हे दूर जातं म्हणून. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.